स्नोमोबाईलवरून पाच दिवसांची भटकंती: आराखडा तपासून द्याल का?

सुसाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण स्नोमोबाईलवरून (पुढे स्की, मागे ट्रॅक म्हणजे फिरता रुंद पट्टा असलेली बर्फावरची गाडी) निघायचं म्हणतोय. गाड्या चार, त्यातली एक डबलसीट. सगळ्या भाड्याच्या. मी आणि माझा मित्र मागचे दोन हिवाळे दिवसभराच्या फेऱ्या मारतोय. तिसऱ्याने एकदाच चालवली आहे, चौथ्याने अजून हातही लावलेला नाही. जंगल, गोठलेले तलाव, आखलेल्या ट्रेल आणि रोज नव्या ठिकाणी मुक्काम, असं वर्तुळ काढलंय.

एकूण १४०० किमी, पाच दिवस, म्हणजे रोज २८०. वेगमर्यादा ७० आहे, म्हणजे चार तासांत दिवसाचं अंतर संपतं आणि उरलेला दिवस मोकळा.

प्रश्न असे: अंतर ठीक आहे ना? टू-स्ट्रोक घ्यावी की फोर-स्ट्रोक? पेट्रोलचं नियोजन कसं करायचं? आणि कपडे?

शंकासुर

धागा वाचनखुणेत टाकला. मलाही पुढच्या वर्षी जायचंय, त्यामुळे मधे मधे शंका काढणार. आधीच माफी मागतो.

कूर्मगती

सुसाट, तुमचं सदस्यनाम आणि माझं सदस्यनाम बघता हा संवाद कुठं जाणार ते दिसतंच आहे, तरी सांगतो.

२८० भागिले ७० बरोबर ४ हे गणित वहीत बरोबर आहे. पण ७० ही मर्यादा आहे, सरासरी नव्हे. तुम्ही बहुधा कॅनडातल्या क्युबेकचा आकडा धरलाय. तिथं ट्रेलवर ७०, शेजारच्या ऑंटारिओत ५०, फिनलंडमध्ये जमिनीवर ६० आणि बर्फाच्छादित पाण्यावर ८०. म्हणजे प्रदेश बदलला की तुमच्या गणिताचा पायाच बदलतो. आणि मर्यादा कितीही असो, झाडीतली वळणं, समोरून येणाऱ्या गाड्या, दुपारनंतर ट्रेलवर उठलेले उंचवटे, यात नवखा माणूस ४०-४५च्या वर जात नाही. जाऊही नये.

त्यात थांबे धरा. पेट्रोल, काच पुसणं, हातमोजे बदलणं, फाट्यावर मागच्याची वाट बघणं, "मला जरा जाऊन यायचंय" (या कपड्यांत त्याला पंधरा मिनिटं लागतात). हे सगळं धरून पूर्ण दिवसाची सरासरी मी ताशी ३० किमी मानतो. २८० किमीला नऊ तासांहून जास्त. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ४७-४८ अक्षांशावर उजेड असतो साधारण दहा तास. म्हणजे सूर्योदयाला चावी फिरवायची, सूर्यास्ताला काढायची, आणि मधे एकही बेल्ट तुटायचा नाही, कोणी वाट चुकायचं नाही, कोणाची बोटं गारठायची नाहीत. असे पाच दिवस सलग.

ज्याने हात लावलेला नाही असं तुम्ही लिहिलंय ना, तुमची सरासरी ती त्याची सरासरी.

माझ्या मते पहिला दिवस १२० च्या आत. मग १८०-२००. एक दिवस कोरा, त्यावर काहीच लिहायचं नाही. एकूण ८०० झाले तर खूप झाले.

सुसाट

८००? हे तर जवळजवळ निम्मंच झालं की! इंटरनेटवर लोक दिवसाला ४०० किमी सांगतात.

कूर्मगती

करतात ना. सगळे मुरलेले, सगळ्यांच्या गाड्या सारख्या, ट्रेल रात्रीच ग्रूमरने (बर्फ दाबत जाणाऱ्या यंत्राने) सपाट केलेली, आणि ते पहाटेच निघालेले. त्यांना नंतर विचारा, वाटेत काय बघितलं? पुढच्याचा टेललाईट.

हा ग्रूमरचा मुद्दा आराखड्यात घ्या. तो बहुधा रात्री फिरतो. त्याने दाबलेला बर्फ थंडीत काही तास पडून राहिला की घट्ट होतो. म्हणून सकाळची ट्रेल गालिच्यासारखी असते आणि दुपारी तीनची घाटातल्या खड्ड्यांच्या रस्त्यासारखी. लांबचा टप्पा नेहमी सकाळी संपवा. ग्रूमर समोर आला तर कडेला थांबून त्याला पूर्ण जाऊ द्या. मागे ओढायचं अवजार ट्रेलची जवळपास सगळी रुंदी खातं.

यंत्रवेडा

कूर्मगतीकाकांशी अंतराबाबत सहमत. माझा प्रांत गाडीचा, तेवढं लिहितो. लांबणार आहे.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक: टूरसाठी माझं मत फोर-स्ट्रोक. पेट्रोल कमी पिते, दिवसभर मागच्या माणसाला निळा धूर खावा लागत नाही, वेगळं ऑईल वाहायचं नाही. मात्र जड असते. ट्रेल सोडून भुसभुशीत बर्फात रुतली की हे वजन किती असतं ते कळतं. टू-स्ट्रोक हलकी, पण तिचं ऑईल रोज बघायचं आणि एक डबा सोबत ठेवायचा. सगळ्यात महत्त्वाचं: चारही गाड्या एकाच प्रकारच्या घ्या. एक वेगळी असली की तिची टाकी, तिचा बेल्ट, तिचं ऑईल, सगळी वेगळी वरात.

बेल्ट: इंजिनाची ताकद ट्रॅकपर्यंत नेणारा हा रबरी पट्टा दोन क्लचच्या मधे फिरतो. टूरवर गाडी बंद पडली तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. जादा बेल्ट हवाच, पण नवाकोरा नको. नव्या बेल्टला पहिले ४०-५० किमी हळू चालवून मुरवावं लागतं. म्हणून पहिल्या दिवशी जादाचा बेल्ट लावून हळू चालवा, मग तो काढून पिशवीत टाका आणि मूळचा परत चढवा. यात दोन कामं होतात. बेल्ट मुरतो, आणि तुमच्या हातांना बदलायची सवय होते. उणे वीसमध्ये, अंधारात, पहिल्यांदाच बेल्ट बदलायला बसू नका. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच जादा बेल्ट बाहेर काढा आणि त्यावरचा क्रमांक गाडीतल्या बेल्टच्या क्रमांकाशी ताडून बघा. हसू नका, मी फसलोय. तुटला की क्लचच्या आत अडकलेले धागे आणि तुकडे सगळे काढा, नाहीतर दुसराही जातो.

गाडी गार कशी राहते: इथं लोक चकतात. बऱ्याच स्नोमोबाईलना मोटारीसारखा समोर रेडिएटर नसतो. सीटखालच्या बोगद्यात कूलर असतो आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्याला थंड ठेवतो. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो (हायफॅक्स म्हणतात) त्यांनाही तोच बर्फ वंगण. आता टणक बर्फावर किंवा उघड्या आईसवर (म्हणजे गोठलेल्या पाण्याच्या थरावर) मोकळा बर्फच उडत नाही. मग तापमानाचा दिवा लागतो, पट्ट्या वितळायला लागतात. उपाय म्हणजे स्क्रॅचर, रेल्सवरचे स्प्रिंगचे दोन काटे, ते खाली सोडले की खरवडून बर्फ उडवतात. रिव्हर्स घेताना ते आधी वर अडकवा, काही प्रकारचे मागे जाताना वाकतात. स्क्रॅचर नसतील तर अधूनमधून कडेच्या भुसभुशीत बर्फात दोन मिनिटं चालवा.

सकाळी: ट्रॅक आणि स्की रात्रीत जमिनीला चिकटतात. इंजिन थोडं गरम होऊ द्या, स्कीची टोकं डावी-उजवी हलवून सोडवा, मागचा बंपर उचलून आपटा. थेट थ्रॉटल दिलात तर बेल्ट तिथंच जळतो. शेडमध्ये, दार लावून, इंजिन गरम करत बसू नका. कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग.

मुक्कामाला पोचलात की टाकी आधी भरा, मग बूट काढा. रिकाम्या टाकीत ओल धरते, ती गोठून सकाळी नळीत अडकते.

हत्यारं: बेल्ट, प्लग, पाना-पक्कड, झिपटाय, तार, चिकटपट्टी, ओढायचा दोर, डोक्यावरचा दिवा, छोटं फावडं, घडीची करवत. स्टड (ट्रॅकला लावायचे खिळे) वगैरे विसरा. भाड्याच्या गाडीला सहसा नसतात आणि काही ठिकाणी चालतही नाहीत. स्कीखालचे कार्बाईड (वळताना बर्फात रुतणाऱ्या धारा) मात्र बघा. गोल गुळगुळीत झाले असतील तर वळणावर गाडी सरळच जाते.

शंकासुर

यंत्रवेडा, दंडवत. शंका: मी चष्मा लावतो. हेल्मेटमध्ये धुकं होणार का?

यंत्रवेडा

होणारच. श्वास खाली वळवणारा मास्क आणि विजेवर तापणारी काच, दोन्ही घ्या. काचेची वायर गाडीच्या सॉकेटला लागते की नाही ते आधी बघा, सगळ्या भाड्याच्या गाड्यांना तो नसतो.

आडवाट

सगळे इंजिनात शिरलेत. तलावांचं कोण बोलणार?

सुसाटदादा, तुमच्या वर्तुळात "गोठलेले तलाव" दोन शब्दांत आलेत. मी बर्फाच्या पाण्यात एकदा गेले आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा तक्ता सगळे वापरतात: नवा, पारदर्शक आईस पायी चालायला किमान ४ इंच, स्नोमोबाईलला ५ ते ७ इंच, म्हणजे साधारण १३ ते १८ सेंमी. पण हा नव्या पारदर्शक आईसचा हिशेब आहे. पांढरा, दुधी आईस (बर्फ भिजून गोठलेला) निम्माच मजबूत धरतात, तिथं जाडी दुप्पट हवी. आणि एकाच तलावात दोन जागी जाडी सारखी नसते. ओढा जिथं तलावात शिरतो, जिथं बाहेर पडतो, दोन बेटांमधली चिंचोळी जागा, पुलाखाली, या ठिकाणी पाणी वाहतं आणि आईस पातळ राहतो. मी गेले ती अशीच चिंचोळी जागा होती. वर छान बर्फ होता. बर्फ पांघरुणासारखा असतो, खालचं पाणी गोठूच देत नाही.

म्हणून खुणा रोवलेल्या मार्गावरूनच तलाव ओलांडा, "इकडून जवळ पडेल" हा विचार मनात आला की तो तिथंच सोडा. एकामागे एक चिकटून जाऊ नका, मधे भरपूर अंतर. आईसपिक म्हणजे दोन टोकदार मुठी, त्या छातीवर बाहेरून लटकवलेल्या हव्यात, बॅगेत नव्हे. तरंगणारा सूट मिळाला तर उत्तमच.

पडलातच तर मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी सांगितलेलं १-१०-१ पाठ करा. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, तेव्हा धाप लागून माणूस पाणी पितो. मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यातच बाहेर यायचं. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. हे कळल्यावर भीती कमी होते, कारण आपण समजतो तितक्या पटकन थंडी मारत नाही, घाबरणं मारतं. ज्या बाजूने आलात त्याच बाजूला वळा (तिकडचा आईस तुम्हाला पेलत होता), पिक रोवा, पाय मारत पोटावर सरका, बाहेर आल्यावर उभं न राहता लोळत लांब जा. गाडी गेली तर जाऊ द्या.

अजून एक, पडण्याइतकं भयंकर नाही पण जास्त वेळा होतं: स्लश. वरच्या बर्फाच्या वजनाने आईस दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि बर्फाखाली चिखलासारखं साठतं. वरून दिसत नाही. गाडी अचानक जड झाली, मागे करड्या रंगाचा माग दिसला, की थांबायचं नाही. उभं राहून थ्रॉटल धरून टणक जागेपर्यंत जायचं. थांबलात तर गाडी रात्रीत तिथंच गोठते.

सुसाट

ताई, खरंच हादरलो. आईसपिक यादीत पहिल्या नंबरवर टाकले. पाच जोड.

मागची_सीट

डबलसीट गाडीचा उल्लेख ओझरता आला आणि पुढे सगळे विसरले, म्हणून मी मागच्या माणसाच्या वतीने बोलते. चार हिवाळे मागेच बसतेय.

चालवणाऱ्याला हँडलची ऊब असते, अंग हलत असतं, पुढचं वळण दिसत असतं. मागच्याला यातलं काही नाही. तो नुसता बसून गारठतो आणि प्रत्येक उंचवटा कंबरेत घेतो. त्यामुळे मागच्याला एक थर जास्त, तापणारे हँडल असतील तर ते चालू आहेत का बघा, आणि दर पाऊण तासाने उतरून पाय हलवायचे. आधी खुणा ठरवा: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. हेल्मेटच्या आत ओरडून काही ऐकू जात नाही, फक्त भांडण होतं.

आणि हो, डबलसीट गाडी पेट्रोल जास्त खाते. ते हिशेबात धरा.

कूर्मगती

मागची_सीट यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. थंडीचा आकडा मी जोडतो. हवा उणे २० आणि गाडीचा वेग ७०, म्हणजे वारा नसला तरी अंगावर ७० चा वारा. कॅनडा-अमेरिकेच्या २००१ च्या सूत्राने हे उणे ३७ सारखं लागतं. एवढ्यात उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. थांब्यावर एकमेकांची तोंडं बघायची. नाकावर, गालावर पांढरट, मेणासारखा डाग दिसला की तळहाताने नुसतं झाकायचं. चोळायचं नाही, आणि बर्फाने चोळायचं हे जुनं खूळ तर अजिबात नाही.

कपड्यांत सुती काहीही नको, आतलं बनियनसुद्धा. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक. हातमोज्यांचे तीन जोड, बुटांचे आतले अस्तर रोज रात्री काढून वाळवायचे. रुतलेली गाडी काढायला उतरलात तर आधी जॅकेटची चेन उघडा. घाम आला की नंतरच्या तासाभरात तोच तुम्हाला गोठवतो.

शंकासुर

रुतली तर काढायची कशी ते पण सांगा कोणीतरी.

यंत्रवेडा

थ्रॉटल सोडून. ट्रॅक जागच्या जागी फिरला की खड्डा खणत जातो, हे पहिल्या सेकंदाला ओळखा. गाडी एका कुशीवर पाडा, ट्रॅकखालचा खड्डा बर्फाने भरून पायांनी तुडवा, गाडी उभी करा, स्कीपुढचा बर्फ तुडवून वाट करा, दोघांनी स्की ओढायच्या, एकाने हलका थ्रॉटल. ट्रॅकच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही.

रानपाखरू

हाताच्या खुणांबद्दल कोणीच नाही बोललं? डावा हात सरळ वर म्हणजे थांबा, आडवा म्हणजे डावीकडे, कोपरात वर वाकवला म्हणजे उजवीकडे. समोरून येणाऱ्याला मागे किती गाड्या आहेत तेही बोटांनी दाखवतात. आमच्या गटात सक्तीच आहे.

आडवाट

नवख्यांना सक्ती नको असं माझं मत. वळणावर समोरून गाडी येत असताना एक हात सोडायला लावणं म्हणजे नको ती कसरत. थांबण्याची एक खूण शिकवा, बाकी दोन्ही हात हँडलवर.

रानपाखरू

अहो पण समोरच्याला मागे अजून गाड्या आहेत हे कळायला नको?

आडवाट

कळायला हवं. पुढे असलेला अनुभवी माणूस दाखवेल की. चौथ्याने दाखवायची गरज नाही.

कूर्मगती

दोघींचंही बरोबर. :) क्रम तेवढा ठरवा. पुढे अनुभवी, शेवटी अनुभवी, नवखा दुसऱ्या क्रमांकावर, डबलसीट त्याच्या मागे. नवख्याला शेवटी ठेवलं की तो सगळ्यांना गाठायच्या नादात मरमर पळवतो, आणि अपघात तिथंच होतात. फाट्यावर प्रत्येकाने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. मागचा दिसला की निघायचं. या एका नियमाने माझे सगळे गट शाबूत परत आलेत.

रात्री चालवू नका. ७० च्या वेगाने सेकंदाला १९ मीटर जातात, डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तीसेक मीटर गेले. हेडलाईटच्या झोतात काय उरलं? आणि मुक्कामाला पोचून गाडीची चावी खुंटीला लागेपर्यंत मद्याचा थेंब नाही, यावर माझ्याशी चर्चा करू नका.

सुसाट

मंडळी, धागा दोनदा वाचून सुधारित आराखडा टाकतोय:

पहिला दिवस १२० (गाड्या ताब्यात, बेल्ट मुरवणं)
दुसरा १९०
तिसरा १६०
चौथा कोरा
पाचवा २००
सहावा १३०

सुट्टी एक दिवस वाढवली. एकूण ८००. दुसऱ्या दिवशी दोन पंपांमधे १६५ किमी अंतर आहे. टाकी ४० लिटरची. चालेल ना?

यंत्रवेडा

वहीत चालेल. १०० किमीला १८ लिटर धरा, ४० लिटरमध्ये २२२ किमी. पण मी टाकीचा तिसरा हिस्सा नसल्यासारखाच धरतो. उरले १४८ किमी. ताजा बर्फ पडला आणि ट्रेल दाबलेली नसली तर खप दीडपट होतो, मग पूर्ण टाकीतही १४८ च. तुमचे १६५.

म्हणजे एकतर मार्ग बदला, नाहीतर प्रत्येक गाडीवर १० लिटरचा गाडीसाठीच बनवलेला कॅन. आणि डबलसीटवर तो कॅन आधी रिकामा करा. पंप हिवाळ्यात, त्या वाराला, त्या वेळी उघडा असतो का, हे फोन करून विचारा. नकाशावरची खूण पेट्रोल देत नाही.

मागची_सीट

सामान? जड वस्तू खाली आणि पुढे, टेललाईट झाकू नका. सगळं आधी वॉटरप्रूफ पिशवीत, मग बॅगेत. बर्फाची भुकटी चेनच्या दातांतूनसुद्धा आत जाते. कोरडे मोजे शेवटी नाही, सगळ्यात वर.

शंकासुर

फोनला रेंज नसेल तिथं काय?

आडवाट

सॅटेलाईट मेसेंजर. दोन्ही बाजूंनी निरोप जाणारा घ्या, नुसता धोक्याचं बटण असलेला नको. "बेल्ट तुटलाय, दोन तास उशीर" आणि "माणूस जखमी" यातला फरक पलीकडच्याला कळायला हवा. फोन आतल्या खिशात अंगाजवळ, थंडीत बॅटरी बसते. रोजचा मार्ग आणि पोचायची वेळ घरी कोणाकडे तरी लिहून ठेवा. ऑफलाईन नकाशा उतरवून घ्याच, शिवाय कागदी.

डोंगराळ भागात जाणाऱ्यांसाठी (सुसाटदादांना लागू नाही): ३० ते ४५ अंशांचे उतार असतील तर हिमस्खलनाचं प्रशिक्षण, बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर. गाडीवर नव्हे. त्यावर वेगळा धागा काढा, चार ओळींत उरकायचा विषय नाही.

कूर्मगती

ट्रेलपास, विमा आणि लायसन्सचे नियम प्रत्येक प्रदेशाचे निराळे, ते तिथल्या संघटनेच्या पानावर बघा. भाडेकरारात गाडी पाण्यात गेली तर कोण भरणार हे कलम शोधून वाचा.

आणि सुसाट, अजूनही ८०० कमी वाटत असतील तर एक गोष्ट. राल्फ प्लेस्टेड नावाचा मिनेसोटातला विमा एजंट १९६७ मध्ये स्नोमोबाईल घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि हवामानाने अर्ध्यातून परत फिरला. १९६८ मध्ये पुन्हा गेला आणि पोचला. परत फिरायची जागा आराखड्यात आधीच आखून ठेवा. दुपारी एक वाजता इथं नसलो तर मागे, असं ट्रेलच्या नावानिशी लिहा. तिथं उभं राहून ठरवायला गेलात तर पाचही जण पुढेच म्हणतात.

सुसाट

(धागा वर काढतोय.)

आलो परत! पाचही जण, चारही गाड्या, वीस बोटं गुणिले पाच.

८०० ठरवले होते, झाले ६४०. तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊस. फेब्रुवारीत पाऊस! ट्रेलचा लगदा झाला आणि वाटेतल्या तलावावर पाणी साचलं. कोरा दिवस चौथ्याऐवजी तिसऱ्याला वापरला, आणि पुढचं वर्तुळ कापून सरळ वाटेने परत आलो. १४०० च्या आराखड्यात असतो तर त्या लगद्यातच कुठंतरी असतो.

यंत्रवेडादादा, गाड्या घेताना जादा बेल्टचे क्रमांक ताडले. चारातला एक वेगळ्याच मॉडेलचा निघाला! भाड्याने देणारा म्हणाला, "आजवर कोणी बघितलंच नाही." तो बदलून घेतला. आणि दुसऱ्या दिवशी १६५ किमीच्या टप्प्यात नेमका त्याच गाडीचा बेल्ट तुटला. मुरवलेला होता, वीस मिनिटांत चढवला. त्यातली दहा मिनिटं हातमोजे काढू की नको यात गेली. त्या टप्प्याला डबलसीटने कॅन पूर्ण प्यायला आणि पंपावर टाकीत ६ लिटर उरलं होतं.

नवखा मित्र दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या दिवशी ताशी २५. शेवटच्या दिवशी मलाच त्याला हळू म्हणावं लागलं.

चूक एकच, पण मोठी. पाचव्या दिवशी परत फिरायची वेळ एक ठरली होती, आम्ही दीडला वळलो. मुक्काम दिसला तेव्हा दिवे लागले होते. अर्धा तास अंधारात चालवलं, काका, मुकाट्याने ऐकून घेतो.

कूर्मगती

बोलणार होतो, पण तुम्ही स्वतःच लिहिलंत.

मागची_सीट

मागे कोण बसलं होतं ते सांगा. तिची कंबर कशी आहे?

सुसाट

बायको. कंबर ठीक. थापांच्या खुणा दुसऱ्या दिवसापासून तीन-चार-पाच झाल्या, पाच म्हणजे "आता मी चालवते". पुढच्या वर्षी तिला स्वतःची गाडी हवीय. म्हणजे पाच गाड्या, त्यात पुन्हा एक नवखी. किती किमी धरू?

कूर्मगती

आधी दिवस किती ते सांगा.